सेवेची सूत्रे कुणाच्या हाती? जालन्याचे बेथेल ते जामखेड

१.
परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पिंगळी हे लहानसे स्थानक आहे. याच मार्गाने उलट दिशेला, परभणी ओलांडून मनमाडकडे निघाले की जालना लागते. या जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात एक नवे गाव वसवले गेले. नाव ठेवले बेथेल. शब्द हिब्रू, अर्थ 'देवाचे घर'. मराठवाड्याच्या मातीत हे नाव कसे आले, ते गाव कुणासाठी वसले आणि त्या प्रयोगाचा शंभर वर्षांनंतरच्या जामखेडशी काय संबंध, याविषयी आजचा धागा.

२.
ख्रिस्ती मंडळींच्या सेवाकार्याविषयी आपल्याकडे दोन ठरावीक मते ऐकू येतात. एक म्हणते, शाळा आणि दवाखाने हे धर्मांतराचे आमिष होते. दुसरे म्हणते, ती निखळ करुणा होती. दोन्ही मते हेतूविषयी आहेत आणि मेलेल्या माणसांचे हेतू कागदपत्रांतून सिद्ध करणे अवघड असते. त्यापेक्षा एक प्रश्न अधिक उपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर शोधता येते. सेवेची सूत्रे कुणाच्या हाती होती? आणि सेवा घेणाऱ्यांनी त्या सेवेचे पुढे काय केले?

३.
आरंभ मुंबईपासून. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नकोसे होते. धर्मप्रसारामुळे व्यापार आणि राज्य दोन्ही अडचणीत येतील, ही कंपनीची भीती होती. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी करून दिली. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला ठाणे केले. तेथून पूर्वेला काही कोसांवर निजामाची हद्द सुरू होत असे. तिकडे कंपनीचा कायदा चालत नव्हता.

४.
या मिशनने पहिल्यापासून शाळा काढल्या. त्यामागे प्रॉटेस्टंट पंथाचा एक साधा आग्रह होता. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावे, म्हणून प्रत्येकाला वाचता आले पाहिजे. प्रत्येकाला म्हणजे मुलींनाही आणि अस्पृश्य मानलेल्यांनाही. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईला आल्या. १८३९ पासून त्यांनी अहमदनगरला मुलींच्या शाळांचे काम पाहिले आणि १८६२ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. १८४२ मध्ये याच मिशनने सुरू केलेले 'ज्ञानोदय' हे नियतकालिक मराठी पत्रकारितेच्या इतिहासात मानाचे स्थान राखून आहे.

५.
आता घेणाऱ्यांकडे पाहू. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरची फरारबाईंची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. मिशनऱ्यांविषयी त्यांनी कृतज्ञता लपवली नाही. मात्र ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला तो स्वतःच्या विचारावर. शाळा काढणाऱ्यांचा हेतू एक होता, शिकणाऱ्याने त्या शिक्षणाचा केलेला उपयोग वेगळाच होता. सेवेच्या इतिहासात हे वारंवार घडते.

६.
देणाऱ्यांच्या बाजूनेही ही गोष्ट लवकरच ध्यानात आली. अमेरिकन मिशन मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. इंग्रजी शाळांतून कारकून आणि शिक्षक तयार होतात, ख्रिस्ती होत नाहीत, तर मग त्या चालवायच्या कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या दौऱ्यानंतर मंडळाच्या इंग्रजी शाळांना कात्री लागली आणि भर खेड्यांतील मराठी प्रचारावर गेला. शिकणाऱ्यांना शाळा हवी होती की नको, हे कुणी विचारले नाही. निर्णय समुद्रापलीकडच्या हिशेबावर झाला.

७.
बेथेल वसवणारा माणूस मात्र परदेशी नव्हता. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुटुंबातील. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शिक्षणसंस्थेत ते शिकले आणि १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागोमाग मिशनच्या आश्रयाला गेला. तो अल्पवयीन होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. खरा पेच पुढेच होता. मिशनऱ्यांच्या घरी राहून जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही?

८.
बाळशास्त्री जांभेकरांनी श्रीपतच्या शुद्धीसाठी पुढाकार घेतला आणि त्यापायी सनातनी मंडळींचा रोष पत्करला. 'दर्पण'काराने उघडपणे मांडलेल्या या भूमिकेमुळे मुंबईतील हिंदू समाजात दोन तट पडले. आपल्या धाग्याच्या दृष्टीने या प्रकरणाचा अर्थ असा की, त्या काळी धर्मांतर म्हणजे श्रद्धेतील बदल एवढेच नव्हते. घर, वारसा, पंगत, पाणवठा, सोयरीक ही सगळी नाती एका दिवसात तुटत. ती तुटली की नवी उभी करावी लागत. ख्रिस्ती मंडळींचे पुष्कळसे सेवाकार्य या गरजेतून जन्मले. समाजाने बाहेर टाकलेल्यांना छप्पर, काम आणि शेजार हवा होता.

९.
पुढे धर्मोपदेशक झालेले शेषाद्री १८६० च्या दशकात जालन्याला आले. जालनाच का? तेथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. छावणीमुळे इंग्रज अधिकारी, टपाल, बाजारपेठ आणि थोडेफार संरक्षण होते. बाकी मुलूख निजामाचा. शेषाद्रींचे काम मुख्यतः मांग समाजात वाढले. ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाने मांगवाड्यात जाऊन बसणे, तेथे जेवणे आणि तेथील मुलांना अक्षरे शिकवणे, ही त्या काळच्या मराठवाड्यात धर्मांतराइतकीच मोठी घटना होती.

१०.
सालारजंग हे हैदराबादचे दिवाण असताना निजाम सरकारकडून जालन्याजवळ जमीन मिळाली आणि तीवर बेथेल उभे राहिले. घरे, प्रार्थनामंदिर, शाळा, शेती. मुस्लीम संस्थानाचा दिवाण, ब्राह्मण कुळात जन्मलेला ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि मांग शेतकरी, असा हा तिहेरी योग. धर्माच्या सरळ चौकटीत इतिहास बसवू पाहणाऱ्यांनी तो जरूर ध्यानात घ्यावा. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने पडीक जमीन लागवडीला येणे हा लाभ होता, मिशनच्या दृष्टीने मंडळी एकत्र राहणे हा लाभ होता.

११.
आणि राहणाऱ्यांच्या दृष्टीने? बलुतेदारीच्या व्यवस्थेत मांगाने दोर वळावेत, केरसुण्या कराव्यात, सणासमारंभात हलगी वाजवावी आणि मोबदला म्हणून गाव देईल ते घ्यावे. वस्ती गावकुसाबाहेर. गावच्या विहिरीला हात लावायचा नाही. अशा माणसाला स्वतःच्या घरासमोर रस्ता, आपली म्हणावी अशी विहीर आणि मुलाला शाळा मिळणे म्हणजे काय, हे सांगायला वेगळे भाष्य नको. बेथेलमध्ये 'गावकुसाबाहेर' असे काही नव्हते, कारण गावच त्यांचे होते.

१२.
शेषाद्रींचे नाव परदेशातही गेले. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून बोलले. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रयोगाची दुर्बल बाजूही सांगायला हवी. जमीन मिशनकार्यासाठी मिळालेली, पैसा परदेशी मंडळ्यांच्या देणग्यांचा आणि सारी घडी एका समर्थ पुरुषाभोवती बसलेली. पाटलाच्या उंबऱ्यावरची लाचारी संपली, पण निर्णयासाठी मिशनच्या बंगल्याकडे पाहण्याची सवय लागली. तत्कालीन ख्रिस्ती वसाहतींत हा दोष सर्वत्र आढळतो.

१३.
याच काळात दुष्काळांनी दख्खन होरपळली. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९००. पहिल्या दुष्काळात ब्रिटिश मुलखातील दुष्काळी कामांवर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी खाली आणली की दिवसाकाठी सुमारे एक पौंड धान्यावर माणसाने दगड फोडावेत, अशी वेळ आली. मिशनऱ्यांनी अन्नछत्रे चालवली, अनाथ मुले सांभाळली, विहिरी व रस्त्यांची कामे काढली. दुष्काळ सरल्यावर बाप्तिस्म्यांची संख्या वाढलेली दिसली. 'पोटासाठी धर्म सोडला' हा टोमणा तेव्हापासून मराठी ख्रिस्ती समाजाला चिकटला तो चिकटलाच.

१४.
या टोमण्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. भुकेने निवडीचे स्वातंत्र्य आकुंचित होते, हे खरे. खुद्द मिशनऱ्यांनाही ही शंका छळत असे आणि अनेक ठिकाणी ते बाप्तिस्मा मागणाऱ्यांना दीर्घकाळ थांबवून ठेवत. परंतु टोमणा मारणारा एक गोष्ट गृहीत धरतो. दुष्काळापूर्वी ही माणसे पोटभर जेवत होती आणि सन्मानाने जगत होती, असे ते गृहीतक आहे. वस्तुस्थिती तशी नव्हती. ज्यांना गावाने कधी आपले म्हटले नाही, त्यांनी गाव सोडले म्हणून गावाने दुखावून जाणे, यातील विसंगती फुल्यांसारख्यांनी तेव्हाच हेरली होती.

१५.
सेवेची सूत्रे आपल्या हाती ठेवण्याचा सर्वांत ठाम प्रयत्न पंडिता रमाबाईंनी केला. इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्यावर वाँटेज येथील धर्मभगिनींशी त्यांचा मोठा वाद झाला. मुद्दा होता धर्मसत्तेने सांगावे आणि आपण ऐकावे काय, हा. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढे ते पुण्यास नेले. विधवांनी शिकावे, स्वतःच्या पायावर उभे राहावे, एवढाच उद्देश जाहीर होता. १८९३ मध्ये काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याचा बोभाटा झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

१६.
पुढचे रमाबाईंचे काम केडगावला झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तेथे शेती होती, विणकाम होते, तेलघाणा होता, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात सिद्ध झाले आणि त्याचे खिळे जुळवणारे हात दुष्काळातून वाचलेल्या मुलींचे होते. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. संस्था आजही उभी आहे.

१७.
रमाबाईंच्या सदनात धार्मिक वातावरण दाट होते आणि तेथे वाढणाऱ्या मुलीसमोर दुसरा मार्ग फारसा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. तरीही मिशनच्या बंगल्यापेक्षा येथे फरक होता. प्रमुख एक मराठी स्त्री होती आणि हाती येणारे कसब मुलीचे स्वतःचे होते. याच पिढीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी परावलंबनाचा प्रश्न आतून उठवला. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, मिशनच्या सेवेत राहिले आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा करू पाहिला. परदेशी पगारावर चालणारे मंडळ या भूमीत रुजणार नाही, ही त्यांची खंत होती.

१८.
विसाव्या शतकात दवाखाने पुढे आले. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले रुग्णालय सर्वांना ठाऊक आहे. जालन्यालाही मिशन रुग्णालय उभे राहिले, नेवासे तालुक्यात वडाळ्याला उभे राहिले. या रुग्णालयांचा कणा होत्या परिचारिका. परक्याच्या शरीराला, रक्तामांसाला हात लावण्याचे काम विटाळाचे समजले जाई. त्यामुळे दीर्घकाळ हा पेशा प्रामुख्याने ख्रिस्ती मुलींनी सांभाळला. दुष्काळात वाचलेल्यांच्या नाती पुढे इतरांची बाळंतपणे करू लागल्या, असा हा प्रवास आहे.

१९.
रुग्णालयाची एक मर्यादा मात्र होती. तेथे रोगी येतो तो उशिरा आणि बरा होऊन जातो तो त्याच दूषित पाण्याकडे, त्याच रिकाम्या डब्याकडे. ही मर्यादा वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना एका तरुण डॉक्टर दांपत्याला तीव्रतेने जाणवली. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेड निवडले. बीड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांना लागून असलेला हा दुष्काळी तालुका मराठवाड्याचा सख्खा शेजारी.

२०.
त्याच १९७० च्या नोव्हेंबरात नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि निरनिराळ्या परदेशी मिशनांतून वाढलेल्या मंडळ्या एका भारतीय चर्चमध्ये सामील झाल्या. सूत्रे देशी हातांत येण्याचा तो काळ होता. जामखेडला १९७१ मध्ये मोजणी झाली तेव्हा अर्भक मृत्युदर हजारी १७६ निघाला. म्हणजे जन्मलेल्या दर सहा मुलांमागे जवळपास एक मूल वर्षाच्या आत दगावत होते. ही मुले दुर्मीळ रोगांनी मरत नव्हती. हगवण, धनुर्वात, न्यूमोनिया आणि उपासमार ही कारणे होती.

२१.
पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. गावाला पहिली गरज डॉक्टरची नव्हती, पाण्याची आणि अन्नाची होती. आरोळ्यांनी तेथूनच सुरुवात केली. मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक, शेतकऱ्यांची मंडळे, कूपनलिका. कूपनलिका कुठे घ्यायची, हा निर्णय तांत्रिक दिसतो, पण तो सामाजिक असतो. अनेक गावांत हातपंप दलित वस्तीत बसवला गेला. पाणी हवे तर सवर्णांनी तेथे यायचे. शतकापूर्वी बेथेलमध्ये अस्पृश्यांना स्वतंत्र गाव देऊन हा प्रश्न सोडवला होता. जामखेडने जुन्या गावातच पाणवठ्याची दिशा बदलली.

२२.
दुसरा धडा अपयशातून मिळाला. शिकलेल्या परिचारिका खेड्यात मुक्कामाला टिकेनात आणि गावकऱ्यांनाही त्या परक्या वाटत. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिला शिकवावे, असे ठरले. निवडल्या गेलेल्यांत बहुसंख्य निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही टाकलेल्या होत्या. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत, मुक्काम करत, एकत्र जेवत. सर्व जातींच्या बायका एकाच मोठ्या गोधडीखाली झोपत. गोधडी मुद्दाम तशी शिवून घेतली होती. आरोग्याचे पहिले पाठ अशा रीतीने जातीच्या पाठाशी जोडले गेले.

२३.
या स्त्रिया बाळंतपण करू लागल्या, मुलांची वजने घेऊ लागल्या, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे हे शिकवू लागल्या. कुष्ठरोग आणि क्षय ओळखू लागल्या. कुष्ठरोग्यांना वेगळे न काढता इतर रोग्यांबरोबरच उपचार मिळू लागले. महत्त्वाचे हे की ज्ञान डॉक्टरच्या कपाटात कुलूपबंद राहिले नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रकल्पातील गावांचा अर्भक मृत्युदर हजारी ३० च्या खाली आला होता.

२४.
या आकड्याचे सारे श्रेय एका प्रकल्पाला देणे योग्य होणार नाही. त्याच काळात देशाचाही दर उतरत होता. १९७१ मध्ये तो हजारी १२९ होता, १९९९ मध्ये ७०. लसीकरण, रस्ते, रोजगार हमी योजना, शिक्षण यांचा त्यात वाटा आहे. तरी तुलना बोलकी आहे. देशाच्या सरासरीहून पुष्कळ वाईट स्थितीत असलेला दुष्काळी मुलूख तीस वर्षांत सरासरीहून पुष्कळ चांगल्या स्थितीत आला आणि त्याला कुठलेही महागडे यंत्र लागले नाही.

२५.
जगाने याची दखल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये केनेथ न्यूवेल यांच्या संपादनाखाली लोकाधारित आरोग्यसेवेवर ग्रंथ काढला, त्यात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे 'सर्वांसाठी आरोग्य' हा जाहीरनामा संमत झाला, त्यामागच्या अनुभवांत जामखेडचा समावेश होतो. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याकडे २००५ नंतर गावोगावी आलेली आशा कार्यकर्ती ज्या कल्पनेतून आली, तिची एक मुळी जामखेडच्या त्या गोधडीखाली सापडते.

२६.
मग जामखेडमध्ये धर्म कुठे होता? आरोळे आपली श्रद्धा लपवत नव्हते. आपण हे काम ख्रिस्ती म्हणून करतो, असे ते मोकळेपणे सांगत. सेवा घेण्यासाठी मात्र कुणाला धर्म विचारला जात नव्हता आणि आरोग्यसेविका आपापल्या धर्मातच राहिल्या. अँडरसन यांचा हिशेब येथे लावला तर जामखेड नापास ठरेल. गावाचा हिशेब लावला तर तो महाराष्ट्रातील सर्वांत यशस्वी ख्रिस्ती प्रयोगांपैकी एक ठरतो. दीडशे वर्षांत मोजमापाची पट्टीच बदलली होती.

२७.
या इतिहासाची एक कडू बाजू वर्तमानात आहे. बेथेलसारख्या ठिकाणी ख्रिस्ती झालेल्या मांग-महार कुटुंबांच्या वंशजांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. हा आदेश आरंभी हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती व मुस्लीम दलित बाहेर राहिले. धर्म बदलला तरी गावाने जात विसरली नाही, कायद्याने मात्र ती पुसली गेल्याचे मानले. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर आयोग नेमला.

२८.
त्यामुळे 'ख्रिस्ती लोक सेवा करतात' हे वाक्यही पुरेसे नाही. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाज संख्येने अगदी लहान. परभणी जिल्ह्यात तो लोकसंख्येच्या एक टक्काही नाही. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबादच्या कॅथलिक धर्मप्रांतात परभणीही येते. या समाजातील पुष्कळ जण स्वतःच भूमिहीन, हंगामी मजुरी करणारे. सेवा देणारे एका टोकाला आणि घेणारे दुसऱ्या टोकाला, असे चित्र येथे नाही. पुष्कळदा तेच लोक दोन्ही बाजूंना असतात.

२९.
आता आरंभीच्या प्रश्नाकडे. नांदेडचा लंगर, पंढरीच्या वाटेवरची अन्नछत्रे, दर्ग्यातील नियाज, विहारातील अभ्यासिका, चर्चचा दवाखाना. श्रद्धेतून येणारी सेवा आपल्या भोवती सर्वत्र आहे आणि तिच्याशिवाय या मुलखाचे भागले नसते. प्रत्येक ठिकाणी हेतू तपासत बसण्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. निर्णयाला घेणाऱ्यांपैकी कुणी बसते का? कसब त्यांच्या हाती जाते का? देणारा उद्या निघून गेला तर मागे काय उरते?

३०.
बेथेलने विहीर दिली, केडगावने कसब दिले, जामखेडने निर्णय गावाच्या हाती सोपवण्याचा प्रयत्न केला. पहिल्यातून तिसऱ्याकडे जायला शंभर वर्षे लागली. त्या वाटचालीत परदेशी मिशनऱ्यांचा वाटा आहे, तसाच शेषाद्री, रमाबाई, टिळक आणि आरोळे या मराठी माणसांचाही आहे. सर्वांत मोठा वाटा मात्र ज्यांची नावे मंडळ्यांच्या अहवालांत केवळ संख्या म्हणून उरली, त्यांचा. जालना, परभणी, पूर्णा परिसरात अशा वस्त्यांच्या, शाळांच्या किंवा दवाखान्यांच्या आठवणी कुणाच्या घरी असतील, तर त्या लिहून ठेवाव्यात. आजींच्या पिढीबरोबर तो दप्तरखाना मिटत चालला आहे. धागा समाप्त.